तीनशे सेकंद

"दुखायला लागलं की 'दुखलं' म्हणायचं. सोसवेना झालं की हात बाहेर काढायचा. उगाच मर्दुमकी दाखवायची नाही. कळलं?"

डॉक्टर कुमुद बर्वे मला हे सांगत होत्या तेव्हा माझा उजवा हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडलेला होता. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि माझी नजर त्यांच्या नाकावरून घसरणाऱ्या चष्म्यावर होती.

"कळलं," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मर्दुमकी दाखवायचं ठरवून टाकलं.

आता बंदरावर कुणालाही विचारा, जनू तांडेल बोलतो त्यातलं निम्मं वजा करून ऐकावं असंच सांगतील. चूक नाही त्यांची. बर्फाच्या लादीत गोठलेली सुरमई लादी वितळल्यावर शेपटी हलवत परत समुद्रात गेली, ही गोष्ट माझीच. ती सुरमई दर वर्षी वीतभर वाढते, हेही खरं. पण ही गोष्ट वजाबाकी न करता ऐका. हिच्यात जे खोटं आहे ते मी जागच्या जागी दाखवत जाईन.

साल एकाहत्तर. आमच्या गावाबाहेरच्या आयुर्वेद कॉलेजात डॉक्टर कुमुद नव्यानेच शिकवायला आल्या होत्या. वडील बर्वेवैद्य याच गावचे. पंचक्रोशीतली दुखरी कंबर आणि आखडलेली मान त्यांच्याच ओटीवर जायची. रानातलं एक मूळ उगाळून द्यायचे. नाव सांगणार नाही, नाहीतर उद्या तुम्ही कुदळ घेऊन निघाल. या मुळाने दुखणं थांबतं अशी वैद्यांची चाळीस वर्षांची खात्री. डॉक्टर कुमुद मात्र शहरात शिकून आलेल्या. त्यांना खात्री नको होती, पुरावा हवा होता.

म्हणून हा प्रयोग. बारा धडधाकट माणसं, चार रविवार. आल्यावर एक कॅप्सूल गिळायची, तासभर बाकावर बसायचं, मग बर्फाच्या पाण्यात हात घालायचा. काही कॅप्सुलांत मुळाची पूड, काहींत नुसतं तांदळाचं पीठ. चारपैकी दोन रविवार मूळ, दोन रविवार पीठ. कुणाला कधी काय, हे ना आम्हाला ठाऊक, ना डॉक्टरांना. ती यादी लाखेने बंद केलेल्या पाकिटात, पाकीट प्रिन्सिपॉलांच्या कपाटात. हात किती सेकंद टिकला ते लिहायचं, शेवटी पाकीट फोडून ताडून बघायचं. पाच मिनिटं झाली की डॉक्टर स्वतःच थांबवणार. पाच मिनिटं कुणी टिकणार नाही असं त्यांना वाटत होतं.

प्रयोगाला बर्फ आमच्या जेटीवरच्या कारखान्यातून जायचा. तो मी सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळून न्यायचो. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही तब्येतीने ठणठणीत दिसता. बाराव्या माणसाची जागा रिकामी आहे. याल?"

त्यांनी मला विहिरीत उडी टाकायला सांगितलं असतं तरी मी फक्त कुठली विहीर एवढंच विचारलं असतं.

पण त्याआधी एक फॉर्म भरायचा होता. दमा आहे का? नाही. मधुमेह? नाही. मग पाचवा प्रश्न: 'कामामुळे हातांना थंडीची सवय आहे का?'

मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून उघड्या हातांनी बर्फाच्या लाद्या ओढत होतो. पहाटे ट्रॉलर लागायच्या आत चाळीस लाद्या फोडून ठेवायच्या, हे माझं काम. माझ्या तळहातांची कातडी कासवाच्या पाठीसारखी झाली होती. हिवाळ्यात लोक हात शेकायला शेकोटीशी बसायचे तेव्हा मी हात खाजवायला बर्फ शोधायचो.

"तुम्ही कारखान्यात काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऑफिसात असतो," मी म्हणालो. "हमाल महिनाभर गावी गेलाय म्हणून मी आलो."

आणि पाचव्या प्रश्नापुढे लिहिलं: नाही.

हे पहिलं खोटं. मोजत चला.

तर पहिल्या रविवारी मी हात पाण्यात घालून त्यांच्या चष्म्याकडे बघत बसलो. एक मिनिट झालं. दोन झाली. डॉक्टर वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दुखत नाही?"

"छे!"

"थोडंसुद्धा?"

"गार वाटतंय जरा."

पाच मिनिटं झाली. त्यांनी खट्‌कन घड्याळ दाबलं, वहीत तीनशे लिहिलं आणि खुंटीवरचा नॅपकिन माझ्याकडे फेकला. "पुसा. पुढचे कोण?"

मला वाटलं होतं, निदान एखादं 'शाब्बास' तरी येईल. कोपऱ्यात बाटल्या लावत बसलेला तातू कंपाउंडर तेवढा बोलला, "तांडेला, तुझ्या बर्फाक बांगड्याचो वास येता रे!"

पुढचे होते मुणगेकर मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. किडकिडीत अंग, मानेवर रुळणारे केस आणि बोटं अशी लांब नि मऊ की आयुष्यात ब्रशपेक्षा जड काही उचललंच नसावं. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. खिडकी उघडीच होती. मी काही मुद्दाम बघत नव्हतो. मान तिकडे वळलेली होती, इतकंच.

मास्तरांनी बोटं बुडवली आणि लगेच ओरडले, "आई गं! दुखलं, दुखलं! डॉक्टर, 'दुखलं' एकदाच म्हणायचं की जितक्यांदा दुखेल तितक्यांदा?"

डॉक्टर कुमुद हसल्या. चष्मा काढून, डोळे पुसत हसल्या. अठ्ठाविसाव्या सेकंदाला मास्तरांनी हात बाहेर ओढला, आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. डॉक्टरांनी नॅपकिन घेतला, मास्तरांचा हात हातात धरला आणि एकेक बोट वेगळं करून पुसलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. पाच बोटं! मला फेकलेला नॅपकिन, नि या अठ्ठावीस सेकंदांच्या पराक्रमाला पाच बोटं!

त्या आठवड्यात मी फोडलेल्या लाद्यांचा चुरा इतका बारीक झाला की मालक म्हणाला, "जनू, बर्फ फोडतोयस की पीठ काढतोयस?"

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा तीनशे. पुन्हा नॅपकिन उडत आला. मास्तर एकतीस. या खेपेला ते दुखणं विसरायला डाव्या हाताने कागदावर तातूचं चित्र काढत बसले होते. डाव्या हाताने काढलेलं, म्हणून तातूचं नाक कानापाशी गेलं होतं. डॉक्टर हसता हसता स्टूलवरून घसरायच्या बेताला आल्या. मग पाच बोटं. वर एक फुंकर.

फुंकर! ऐकलंत ना? मी खिडकीतून पाहिली.

परत जाताना मास्तर माझ्या बाकापाशी थांबले. "तुमचा हात फार कणखर आहे हो," म्हणाले, आणि माझ्या तळहाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी हात खिशात घातला. मनात म्हटलं, बघ, जळतोय लेकाचा.

जळत कोण होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की या बाईला सोसणारा माणूस नको, ओरडणारा हवा आहे. तर ओरडायला काय लागतं? ट्रॉलरवर हाक मारायची तर माझा आवाज पलीकडच्या बेटावरून परत यायचा.

तिसऱ्या रविवारी मी हात बुडवला. वीस मोजले आणि बोंब ठोकली.

"दुखलं! आयायायाया! मेलो!"

तातूच्या हातून बाटली पडली. मी तिसाव्या सेकंदाला हात काढला आणि खुर्चीत असा कोसळलो की नाटकातल्या राजानेही मरताना इतकी जागा घेतली नसती. डॉक्टर धावत आल्या. माझा हा कासवाच्या पाठीचा हात दोन्ही हातांत घेतला, नॅपकिनने दाबून धरला. खाली वाकून म्हणाल्या, "इतकं दुखत होतं? मग आधी दोनदा बोलला का नाहीत? सांगितलं होतं ना मी, मर्दुमकी नको म्हणून!"

"वाटलं, सोसावं," मी विव्हळलो.

त्यांनी माझीही बोटं पुसली. करंगळीपासून. त्या अंगठ्याला पोचेस्तोवर मी डोळे मिटून घेतले.

हे दुसरं खोटं. आणि चौथ्या रविवारी वीस सेकंदांवर पुन्हा तेच, म्हणजे तिसरं. फुंकर मात्र मिळाली नाही. त्या दिवशी मास्तर दारातच उभे होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बर्फाच्या टबाकडे, मग मान खाली घातली. मी म्हटलं, झोंबलं वाटतं!

आठवड्याने डॉक्टर कुमुद स्वतः जेटीवर आल्या. मी नेमका लाद्यांत गुडघाभर उभा होतो. त्यांना बघताच उडी मारून ऑफिसाच्या दाराशी गेलो, कानावर पेन्सिल अडकवली.

"तांडेल! पाकीट फोडलं!" त्यांना धाप लागली होती. "तुम्हाला पहिले दोन रविवार मूळ होतं, पुढचे दोन पीठ. कळतंय का तुम्हाला? मूळ असताना तीनशे, पीठ असताना तीस आणि वीस! बाकी अकरा जणांत काही फरकच नाही. मूळ असो नाहीतर पीठ, सरासरी चाळीसच. मी तर रडायच्या बेतात होते. पण तुमचा आकडा घातला आणि मुळाची सरासरी बासष्टवर गेली, पिठाची एकोणचाळीसवर!"

मला गणित कळलं नाही. डोळे कळले. असं त्यांनी मास्तरांकडे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी चष्मा वर सारला. "तांडेल, एकच सांगा. पहिल्या दोन रविवारी खरंच दुखत नव्हतं? आणि पुढच्या दोन्ही वेळा खरंच दुखलं?"

"देवाशपथ," मी म्हणालो.

चौथं.

"मग आता माईच्या गोळ्या बंद करते," त्या म्हणाल्या. "आईच्या. दोन वर्षं संधिवाताने धरलंय. मी मुंबईच्या गोळ्या देते, बाबा म्हणतात मूळ पुरे. रोज जेवताना वाद. मीच त्यांना म्हटलं होतं, प्रयोगात सिद्ध झालं तर हरले मी."

त्या गेल्या. मी त्या दिवशी साठ लाद्या फोडल्या. वजा करायचं असेल तर वीस करा.

चार दिवसांनी निरोप आला: माईचे गुडघे सुजलेत, शेकायला थोडा बर्फ पाठवता येईल का? पाठवतो कसला, मीच घेऊन गेलो. भांग पाडून.

वैद्य ओटीवरच होते. "या, या! तीनशेवाले ते तुम्हीच ना?" म्हणून त्यांनी माझी पाठ अशी थोपटली की छातीतला कफ सुटला असता. "चाळीस वर्षं मी जे सांगत होतो ते तुमच्या हाताने बोललं बघा!" आणि ते पेशंटाकडे वळले.

माई आतल्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय लांब केलेले, गुडघ्यांवर ओला पंचा. समोर केळीच्या पानावर अबोलीची फुलं. वळेसर करत होत्या म्हणायचं. दोरा बोटांत ठरत नव्हता. एक फूल उचलायचं, ते पडायचं, पुन्हा उचलायचं. मी तिथे उभा होतो तेवढ्या वेळात तीन फुलं ओवली गेली.

"बसा हो तांडेल. सरबत घ्या," म्हणत त्यांनी तांब्याला हात घातला. तांब्या वीतभर उचलला गेला आणि परत खाली टेकला. तोंडावर एक रेघ उमटली, लगेच पुसली गेली.

"दुखतंय का, माई?"

"छे छे. काही नाही." आणि मग ओटीकडे नजर टाकून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गोळ्या होत्या तोवर भाकरी थापत होते मी. पण कुमुदला बोलू नका. बारा माणसांवर सिद्ध झालंय म्हणते, मग मलाच कसा गुण येत नाही? माझ्यातच काही खोट असेल. ह्यांच्या औषधाला बोल नको लागायला. फार आनंदात आहेत दोघं. कितीतरी दिवसांनी जेवताना भांडले नाहीत."

मी सरबत प्यालो नाही. निम्मा बर्फ तिथे ठेवला आणि उरलेला घेऊन सायकल कॉलेजकडे हाणली.

प्रयोगाच्या खोलीत डॉक्टर कुमुद आणि मुणगेकर मास्तर टेबलावर ओणवे झाले होते. डोक्याला डोकं लागेल इतके. मास्तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने दोन खांब काढत होते, एक ठेंगणा आणि एक उंच. डॉक्टर निबंध छापायला पाठवणार होत्या, त्यासाठी आकृती. उंच खांबाचा माथा रंगवायचा राहिला होता.

मी दारातच थबकलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा माई आधी आठवल्या नाहीत. आधी ती दोन डोकी दिसली. वाटलं, तो उंच खांब माझा आहे. तो आहे तोवर ही बाई मला विसरायची नाही. मास्तर कितीही बोटं बुडवू देत, त्यांना असा खांब मिळणार नाही. एक शब्द बोललो की खांब गेला, आणि खांबाबरोबर मी.

"अरे, तांडेल! या, बघा तुमची करामत!" डॉक्टर म्हणाल्या.

मी टब ओढला. बरोबर आणलेला बर्फ त्यात ओतला. वर नळ सोडला, बाही सारली आणि उजवा हात घातला. "वेळ लावा," मी म्हणालो.

"हे काय? कॅप्सूल कुठे घेतलीत?"

"काही घेतलेलं नाही. सकाळचा चहा सोडून. वेळ लावा, डॉक्टर."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. तरी घड्याळ दाबलं. एक मिनिट झालं. दुसरं झालं तेव्हा त्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. खोलीत बर्फाचे तुकडे टबाला लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी ऑफिसात नसतो," मी म्हणालो. "बारा वर्षं लाद्या ओढतोय. पाचव्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे. तुमच्या पाण्याने मला कधीच काही झालं नाही, मूळ घेऊन नाही नि पीठ घेऊनही नाही. शेवटचे दोन रविवार मी ओरडलो ते नाटक."

"का?"

मी खुंटीवरच्या नॅपकिनकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या हुशार बाई होत्या. त्यांची मानही त्याच नॅपकिनकडे वळली, मग मास्तरांकडे, मग खाली.

"माईंना आजच्या आज गोळ्या द्या," मी म्हणालो. "त्या तुम्हाला सांगायच्या नाहीत. तांब्या उचलत नाही त्यांना."

"देवा," डॉक्टर कुमुद म्हणाल्या. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. सहा, सात. त्यांनी घड्याळ बंद केलंच नाही. वही ओढली, बाराव्या नावावर पट्टी धरून लाल रेघ मारली. एकदा, मग त्याच रेघेवर पुन्हा एकदा. मग टाक ठेवला आणि म्हणाल्या, "चाळीस आणि चाळीस. बाबांना मी काय सांगू, तांडेल? चाळीस वर्षं!"

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पर्स उचलून घराकडे निघून गेल्या. दारातून वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी हात तसाच पाण्यात ठेवून बसलो होतो. काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर उठले. तो पुठ्ठा त्यांनी टराटरा फाडला. मग म्हणाले, "मला माहीत होतं हो."

"काय?"

"जेटीवर चित्रं काढायला येतो मी. लादी खांद्यावर घेतलेला माणूस म्हणून तुमचं एक चित्र आहे माझ्याकडे. गेल्या पावसाळ्याच्या आधीचं. शाळेत भिंतीवर लावलंय."

"मग बोलला का नाहीत त्यांना?"

"कुणाचा आकडा किती, नि त्यावर काय अवलंबून आहे, ते आज कळलं मला. आज सांगणारच होतो. शाई वाळेपर्यंत थांबलो." ते जरा कसनुसं हसले. "म्हटलं, हा माणूस स्वतः सांगेल. चित्रात तुमचा चेहरा तसा बरा आलाय."

सांगू का, या माणसाने मला तिथल्या तिथे दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. जळायला काहीतरी उरलं असतं.

पुढच्या वैशाखात त्या दोघांचं लग्न झालं. सरबताला सबंध लादी मी स्वतः नेली, आणि त्या लादीत एक सुरमई होती हे मात्र माझं म्हणणं आहे, ते वजा करा. माई मांडवात होत्या, हातात स्वतः ओवलेला वळेसर. बर्वेवैद्य मात्र त्या वर्षानंतर मूळ उगाळताना आधी पेशंटाला विचारायचे, "गोळी घेतलीस ना?" ते मला पुन्हा कधी 'तीनशेवाले' म्हणाले नाहीत. आणखी काहीही म्हणाले नाहीत.

पण मी सांगत होतो त्या दुपारचं. मास्तरांनी खुंटीवरचा नॅपकिन काढला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले, टबातून माझा हात उचलला आणि मांडीवर घेतला. मग करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट वेगळं करून, पेरापेरावरून, चित्रावरचा डाग टिपावा तसं. अंगठ्यापर्यंत आले तेव्हा वर न बघता त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही," मी म्हणालो.

हे पाचवं.